घोट्याचं हाड

पहिला उपाय पिवळा मार्कर.
पान एकशे बारा ते एकशे चाळीस
इतकं रंगवलं, की पुस्तकाला कावीळ झाली.
महत्त्वाचं तेवढंच रंगवायचं असतं म्हणे.
मला सगळंच महत्त्वाचं वाटलं,
म्हणजे काहीच कळलं नव्हतं.

मग तेमूलेन म्हणाली, गजर लाव.
पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं विश्रांती.
खोलीत आम्ही चौघी, चार गजर,
कुणाची ना कुणाची पाच मिनिटं चालूच,
आणि खारट दुधाच्या चहाची किटली
आठवडाभर थंड म्हणून झाली नाही.

मग चिठ्ठ्या.
पुढे प्रश्न, मागे उत्तर.
उलानबातरच्या बसथांब्यावर उणे तीस,
कोळशाच्या धुरात समोरची इमारत गायब.
हातमोजा काढल्याशिवाय चिठ्ठी उलटत नाही,
आणि काढला की बोटं वळत नाहीत.
मनगटाची आठ हाडं बर्फावर सांडली.
सात सापडली.
आठवं कोणतं
ते बस येईपर्यंत आठवेना.

शनिवारी घरी गेले,
टेकडीवरच्या आमच्या गेरमध्ये.
आई बाजारात नमद्याचे बूट विकून आलेली,
जेवता जेवताच पेंगायला लागली.
दुल्गून, वय नऊ, शेगडीजवळ
शगाईची पिशवी ओतून बसला होता :
मेंढीच्या घोट्याची हाडं, वापरून वापरून गुळगुळीत,
चार बाजू, चार जनावरं.
म्हटलं, चल, तू टाक, मी वाचते.
घोडा पडला तर रक्तवाहिन्या,
मेंढी पडली तर स्नायू,
बोकड म्हणजे हाडं
आणि उंट म्हणजे मज्जातंतू.
रात्री अकरापर्यंत तो टाकत राहिला.
मेंढी, बोकड, बोकड, मेंढी,
मध्येच घोडा.
उंटाची बाजू अरुंद, तो सहसा उभा राहत नाही.
मलाही तो नकोच होता.

"हे माणसाला असतं?" त्यानं विचारलं.
मी हाड हातात फिरवलं.
वर ती ओळखीची कप्पी, पुढे आखूड मान.
टॅलस.
तीन महिने ज्याची चित्रं घोकली
ते मी चार वर्षांची असल्यापासून
मुठीत घेऊन खुळखुळवत होते.
"असतं. दोन."
"त्यांच्यावर घोडा असतो?"
"ते नाही माहीत. पण या हाडाला
एकही स्नायू चिकटलेला नसतो."
"मग ते हलतं कसं?"

पुस्तकातलं वाक्य तोंडावर होतं. म्हटलं नाही.
"शेजारची हलतात, म्हणून हलतं," म्हणाले.
त्याला पटलं नाही.
"मग ते काय करतं?"
"अंगाचा सगळा भार घेतं."
दुल्गूननं आईकडे पाहिलं.
ती भिंतीशी कुशीवर झोपलेली,
एक पाय पांघरुणाबाहेर,
दिवसभर उभं राहून घोटा सुजलेला.
मी हळूच अंगठा टेकवला,
सुजेखाली चाचपत गेले,
आतल्या बाजूनं, जरा पुढे,
आणि तिथं ते होतं.
आईनं पाय ओढून घेतला.
"हात गार आहेत तुझे," म्हणाली,
डोळे न उघडता.

मंगळवारी परीक्षा.
टेबलं वीस, प्रत्येकी एक मिनिट, मग घंटा.
घोट्याचं हाड कुठंच ठेवलेलं नव्हतं.
सातव्या टेबलावर टाचणी टोचलेला पांढरा दोरा,
अकराव्यावर आणखी एक,
चौदाव्यावर तीन.
एकाचं नाव आलं. एकाचं अर्धं आलं.
बाकीच्यांसमोर मी
त्या मिनिटाचे साठही सेकंद उभी राहिले,
सगळा भार पायांवर.

संध्याकाळी दुल्गूनचा फोन.
शेगडीची फटफट ऐकू येत होती,
पिशवीतली खुळखुळही.
"काय पडलं?"
"उंट," म्हणाले.
तो हसत सुटला.
"मग पुन्हा टाकू," म्हणाला.