एक ते पाच

फॉर्ममागे अठरा रुपये.
आज कोपरखैरणे, माथाडींच्या बैठ्या घरांची बाजू.
उन्हात टॅबवरचं काही दिसत नाही,
म्हणून प्रश्न पाठच म्हणतो:

'नवे तंत्रज्ञान वापरण्यास मी तयार आहे.
अजिबात नाही म्हणजे एक, पूर्णपणे म्हणजे पाच.'

कालिंदा पिसाळ मेथी निवडत होत्या.
'मी म्हणजे कोण? तू का मी?'
तुम्ही, मावशी.
'मग तसं विचार की.'

हात पदराला पुसून फोन आणला.
काचेला तडा, रबरबँडनं धरलेलं कव्हर,
आत औषधाच्या चिठ्ठीची घडी.
'हे बघ.'
गल्लीतल्या दिव्याची तक्रार, फोटोसकट.
खाली हिरव्या अक्षरांत: निराकरण झाले.
पुन्हा तक्रार.
निराकरण झाले.
मी बोटानं वर सरकवत गेलो,
थंडी, नवरात्र, श्रावण,
एकाच खांबाचे सतरा फोटो, सगळे काळे,
एकात फक्त मांजराचे डोळे.

'फोटो काढायला पोरानं शिकवलं.
अंधाराचा कसा काढायचा ते माझं मी शिकले.
फ्लॅश मारला की दिवा लागल्यासारखा दिसतो,
मग ते लगेच म्हणतात, झालं.'

उत्तर भरल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडत नाही.
मग पाच लिहू?

आतून खोकला आला, खोकल्यामागून यजमान.
तीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात पोती वाहिली,
आता त्यांचा अंगठा कुठलंच यंत्र ओळखत नाही.
'माझा एक लिही.'

एका घराला एकच उत्तर, मी म्हणालो.
'मग सहा लिही,' कालिंदाबाई म्हणाल्या,
'त्यांचा एक, माझे पाच.'

सहाचा चौकोन नव्हता.
मी पाच दाबला.
त्यांनी ते पाहिलं, आणि मेथीची जुडी
जरा जोरानं आपटली परातीत.

साडेसातला त्याच गल्लीतून परतलो.
बत्तीस फॉर्म, बॅटरी चार टक्के.
खांबावरचा दिवा बंद,
त्याच्याच डोक्यावर नवा कॅमेरा, निळा ठिपका
पापणी न लवता.

कालिंदाबाई कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आल्या,
पायानं गटाराची फरशी चाचपत,
दोन पावलं, मग तिसरं.
खांबाखाली थांबल्या.
मान वर करून, शेजारणीला हाक मारावी तशा
त्याला म्हणाल्या,

'तुला तरी दिसतेय का रे मी?'