सुट्ट्यांऐवजी अक्रोड

ड्रायव्हरने चार बोटं दाखवली, मग रिकाम्या सीटा दाखवल्या.
म्हणजे चारची व्हॅन, पण भरली तर.
आणि तो टरबुजांना थापट्या मारत बसला.
काकेशसच्या पायथ्याचं गाव, दुपारचे दोन,
समोर संग्रहालय.
अशी आले मी इतिहासाकडे,
वेळ काढायला.

तिकीट तीन लारी. माझी पाचाची नोट.
नाझिब्रोलाबाईंनी गल्ला पाहिला, झग्याचा खिसा पाहिला,
शेवटी ओंजळभर अक्रोड ठेवले माझ्या हातावर.
हिशेब मिटला.

आत अंधार.
खट्.
हाडाच्या सुया, दगडी विळा,
चिमूटभर जळका गहू काचेखाली,
कुणाच्या तरी पोटात जायचा राहिलेला.

मी पाऊल उचललं की बाई माझ्या आधी पुढे,
खट्, पुढचा दिवा.
मग लगबगीने मागे येऊन
खट्, मागचा बंद.
अंगठ्यावर तर्जनी चोळून त्यांनी सांगितलं,
विजेचं बिल.
एका वेळी एकच शतक परवडत होतं.

लिपी येत नाही, तरी मी चष्मा लावून
प्रत्येक वस्तूखालची चिठ्ठी वाचत होते. सवय.
गळांसारखी वाकडी अक्षरं,
मी मात्र एकाही गळाला लागले नाही.

तिसऱ्या खोलीत माग, पाळणा,
गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला दारूचा रांजण,
आणि एक बुटकं स्टूल.
गुडघे सकाळपासून बोलत होते. बसले.

आरा! आरा!
बाई ओरडल्या. मी ताडकन उठले.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं,
स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला,
आणि खांद्याला धरून मला परत बसवलं.
स्वतः टेकल्या कुणाच्या तरी लग्नातल्या पेटीवर.
मग काहीतरी आठवून उठल्या,
अंधाऱ्या पहिल्या खोलीत गेल्या,
मुठीत मावेल असा एक गोल दगड घेऊन आल्या.
काचेमागचा की अंगणातला,
मी विचारलं नाही.
अक्रोड छान फुटत होते.

भिंतीवर फोटो होता, द्राक्षं तोडणाऱ्यांचा, १९५८.
कडेला एक पोरगी, हललेली,
चेहऱ्याच्या जागी नुसता धूर.
बाईंनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.
तेव्हाही एका जागी थांबत नसणार.

निघताना वहीत नाव लिहिलं.
माझ्या आधीची सही अकरा दिवसांपूर्वीची.
त्यांनी माझ्या अक्षरांवरच्या रेघेवरून बोट फिरवलं,
पुन्हा एकदा फिरवलं,
भिंतीवरची धूळ पाहावी तसं बोट पाहिलं.

पावणेपाचला व्हॅन भरली.
माझ्या मांडीवर कुणाचं तरी पोर, पायाशी कोंबडी.
वळणावर मागे पाहिलं
तर संग्रहालयाच्या सगळ्या खिडक्या लख्ख.
दगड, कांसं, लोकर, द्राक्षं,
सगळे एकदम जागे,
बिलाची पर्वा न करता.
कोण एवढं मोठं आलं असेल?

नदी ओलांडल्यावर पर्स चाचपली.
चष्मा नव्हता.

ड्रायव्हरला सांगण्यासारखा
त्याच्या भाषेतला एकच शब्द मला येत होता.
आरा.
तो काही मी वापरला नाही.

असेल तिथेच, मागाच्या आडव्या दांडीवर,
एक काडी निळ्या दोऱ्याने बांधलेला.
बाई त्याच्याखाली चिठ्ठी लिहितील की नाही, कोण जाणे.
लिहिलीच तर मला वाचता यायची नाही,
आणि आता तर
मुळीच नाही.

पर्समध्ये सात अक्रोड उरलेत.
फोडायला दगड नाही.