पापुद्रा

पंखा बंद करते मी आधी.
बोरा बाजारातल्या पोटमाळ्यावर, मे महिन्यात,
पंखा बंद करणं म्हणजे काय ते गिऱ्हाइकाला
तेव्हाच कळतं.
रुमाल मानेशी धरून ते बघत राहतं
माझ्या हातांकडे, म्हणजे आपल्या घड्याळाकडे.

धूळ हा एकच दुष्मन, मुफद्दलशेठ म्हणतात.
शहर खाली कुटत असतं, दळत असतं,
तोडकामाची धूळ, कबुतरांची, मेट्रोच्या खड्ड्याची,
आणि तिचा एक कण फिल्मखाली सापडला
की भिंगातून धोंड्याएवढा दिसतो.
मी तो चिकटपट्टीच्या टोकानं उचलते,
लेकराच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तसा.

डिस्टिल्ड वॉटर, त्यात चार थेंब बाळाचा शाम्पू.
आधी काचेभोवतीचं कडं, मग घड्याळाचे कान,
मग पट्ट्यातल्या मधल्या चकचकीत कड्या, एकेक,
शेवटी बक्कल, जे टेबलावर घासतं
माणूस सही करतो तेव्हा.
सव्वीस तुकडे. काही नखाएवढे, काही तांदळाएवढे.
बुडबुड्याला फेल्टच्या पट्टीनं हळूहळू
कडेपर्यंत चालवत न्यायचं
आणि उंबऱ्यावरून निरोप द्यायचा.
नीट बसली की फिल्म दिसत नाही.
न दिसण्याचेच पैसे.
एखादं गिऱ्हाईक विचारतंही: खरंच लावली ना?

ध्रुवीलशेठ तीन वर्षांपूर्वी आला होता.
वाळकेश्वरचा. लग्न ठरलेलं, घड्याळ सासऱ्यानं दिलेलं.
त्याची किंमत मी मनातल्या मनात
घोडपदेवच्या आमच्या खोलीत मोजली:
दोन खोल्या, आणि वर एक मोरी.
"ओरखडा नको," तो म्हणाला, "एकसुद्धा."
मी म्हटलं, नाही पडणार.

परवा आला. काढून टाका म्हणाला, विकायचंय.
सासऱ्याचं घड्याळ का विकतोस, असं
पोटमाळ्यावर कुणी कुणाला विचारत नाही.
ड्रायरची ऊब दिली, नखानं कोपरा उचलला,
आणि तीन वर्षं सालीसारखी निघाली.

खाली घड्याळ होतं तसंच. पेटीतलं.
कुणाच्या मनगटावर कधी नसल्यासारखं.
त्यानं ते दिव्याखाली फिरवलं, खूश झाला.
अजून फिरवलं. मग तितकासा नाही.

फिल्म मी ट्यूबलाईटसमोर धरली, सवयीनं.
तिच्यात सगळं होतं.
गाडीच्या दाराची लांब तिरकी रेघ.
बारीक, अर्धगोल, एकात एक,
कुणी झोपेत हात धरून ठेवला
तर बांगडीनं उठतात तशा.
त्या कडेच्या दोनच तुकड्यांवर, पुढे नाहीत.
आणि बक्कलच्या तुकड्यावर एकाच जागी
खूप, खूप, पांढरं होईपर्यंत,
रोज त्याच टेबलाशी हात टेकून
कुणाचीतरी वाट बघितल्यासारखं.

"हे?" मी विचारलं.
"फेकून द्या ना," म्हणाला, आणि जिना उतरला.
चार पायऱ्या परत चढून आला.
वाटलं, मागेल.
गॉगल विसरला होता.

रेशनच्या दुकानात मशीन माझा अंगठा घेत नाही.
अकरा वर्षं स्पिरिट, अकरा वर्षं घासणं,
बोटांवरच्या रेघा गेल्या कुठल्या कुठे.
दुकानदार म्हणतो, मावशी, पुसा, परत ठेवा.
पुसते. परत ठेवते.
लाल दिवा.
मागे रांग चुळबुळते.
मशीनच्या हिशेबी मी
पेटीतली. न वापरलेली.

पंचवीस तुकडे टाकले केराच्या डब्यात.
बक्कलचा तेवढा
पंख्याच्या बटणावर चिकटवलाय.
शेठना दिसलेला नाही, दिसणारही नाही.
सकाळी पहिलं घड्याळ उघडायच्या आधी
बटण दाबते, तेव्हा लागतो बोटाला:
खरखरीत.