बेचाळीस

परवानगीच्या कागदावर लिहिलं होतं : राजधानीची सहल.
सोनपेठहून रात्री तीनला निघाली एसटी.
पाथरीच्या अलीकडं शिवकांता ओकली,
मग तिच्या शेजारची,
एकच लिंबू फिरत राहिलं हातोहात.

देवगिरीच्या दारात तोफेवर चढलेल्यांना उतरवून
मी मोजले : बेचाळीस.

चांदमिनारापाशी मुदस्सर म्हणाला,
"मॅडम, राजधानी कुठंय?"
"हीच की."
त्यानं पेरू विकणाऱ्या बाईकडं पाहिलं,
वानरांकडं, भिंतीत उगवलेल्या पिंपळाकडं,
आणि वहीत काहीच लिहिलं नाही.

अंधारीत गाईडनं मशाल विझवली.
माझ्या पदराला, पर्सच्या पट्ट्याला, करंगळीला
किती हात होते
ते मोजता आलं नाही.

वर बारादरीत डबे उघडल्यावर सांगितलं :
सुलतानानं दिल्ली उठवून इथं आणली,
म्हातारेकोतारे, तान्ही लेकरं, सगळी चालत,
आणि काही वर्षांनी म्हणाला, चला परत.
मुदस्सरनं लोणच्याचं बोट शर्टाला पुसलं.
"त्यांच्यात मोजायला कोण होतं?"

पुस्तकात नाही ते.
मी पुन्हा मोजायला लागले.

संध्याकाळी बसमध्ये त्रेचाळीस.
परत. त्रेचाळीस.
शेवटच्या सीटवर, आमच्यासारख्याच निळ्या गणवेशात,
सिल्लोडकडच्या कुठल्याशा शाळेचं एक पोरगं
मुदस्सरच्या खांद्यावर गाढ झोपलेलं.

खाली गाड्यांच्या गर्दीत कुणीतरी धावत होतं,
प्रत्येक खिडकीत डोकावत,
हातात हजेरीचा कागद, माझ्याच वयाचा.
मी काचेवर थापा मारल्या.
आवाज फुटेना.