ऐकू आलं: वारा

एप्रिल बावीस. सकाळी सहा चाळीस.
कवडी पाट, बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला.
आकाश निरभ्र. वारा पश्चिमेचा, बेताचा.
पाण्यावर साबणाचा फेस, फेसावर झेंडूचे हार,
कुणाच्या तरी सत्यनारायणाचे.

एकतीस वर्षं शिमला ऑफिसात
दुसऱ्यांनी मोजलेलं तापमान रकान्यांत भरलं.
सवय गेली नाही.
आता पक्षी भरतो.

जलपर्णीच्या काठाला शंकर होता.
चिमणीएवढा. जुन्या पाचाच्या दोन नाण्यांइतकं वजन.
डिसेंबरात आला तेव्हा गळा मळकट,
धुवायच्या राहिलेल्या कॉलरसारखा.
आता निळाभोर, मधोमध विटकरी ठिपका.
शेपटी उचलून म्हणाला, चक्.
पाच महिने आपल्याकडे एवढंच बोलतो तो.
इतकं कमी बोलून
पुण्यात दुसऱ्या कुणाचं निभलेलं मी पाहिलं नाही.

जाळं झटकत जालिंदर म्हणाला,
"काका, हालले का तुमचे पाव्हणे?"
एक राहिलाय, म्हटलं.
"मग त्याला सांगा, तिकडं पानी बरं असंल
तर हितं परत कशाला मरायला यायचं."

तेविसाला गेलो. शंकर: शून्य.
शून्य नीट गोल काढावं लागतं.
टिंब दिलं तर वाटतं, माणूस गेलाच नव्हता.

मग मे. पत्रा तापावा तसा.
अंगणातल्या थर्मामीटरवर एक्केचाळीस,
आणि ऑफिसचा आकडा नेहमीसारखा एका अंशाने कमी.

एकोणतीसच्या रात्री अडीचला फोन वाजला.
शाल्मली. नॉर्वेच्या पार टोकाला,
एका लाकडी खोपट्यात पक्षी मोजते.
(मोजणं आमच्या घरात मधुमेहासारखं आहे.)
"बाबा, इथे रात्रीचे अकरा, आणि ऊन पडलंय.
आज ओढा फुटला. दुपारभर आवाज येत होता,
कुणी माडीवर कपाटं ओढावीत तसा.
परवापर्यंत पायाखाली दगडफूल कुरकुरायचं,
आज पाय ठेवला तर मऊ, खाली पाणी.
हो, आईच्या गोड्या मसाल्यातलंच, त्याचंच भावंड.
मैलोन्‌मैल."

ही झोपेतच उठून बसली. "ते खातात का तिथे?"
"रेनडिअर खातात, आई."
"नुसतंच? भाजून तरी घ्यावं,"
म्हणून ही परत आडवी झाली.

"बाबा, तुमचा शंकर आलाय.
खुरट्या बर्चच्या शेंड्यावर, अर्धं झाड अजून बर्फात.
आणि गातोय हो. थांबतच नाही.
दुसऱ्यांचे आवाज उचलतो, माळेत ओवतो.
मघाशी मधेच टुविट टुविट केलं त्याने,
आपल्या कढीपत्त्यातल्या शिंप्यासारखं.
मला भास झाला असेल. तुम्ही ऐका,
मी फोन उंच धरते."

मी कानातलं यंत्र नीट बसवलं.
पंखा बंद केला.
श्वास धरला, लहानपणी एक्स-रे काढताना धरला होता तसा.

वारा.
खरखर, मग वारा.
मग खूप वेळ काहीतरी, जे बहुधा वाराच होतं.

"आलं ना?" ती म्हणाली.
आलं, म्हटलं.
आयुष्यात खोटी नोंद तोंडी केली ती एवढीच.

वहीत खोटं लिहिलं नाही.
मे एकोणतीस, वेळ दोन सदतीस.
पक्षी: शंकर, एक, मुलीच्या सांगण्यावरून.
ऐकू आलं: वारा.
ठिकाणाच्या रकान्यात पेन टेकवलं आणि तसंच राहिलं,
शाईचा एक ठिपका पसरला.

झोप गेलीच होती.
स्वयंपाकघरात दिवा न लावता
हिचा मसाल्याचा डबा चाचपून काढला.
दगडफुलाचा एक तुकडा अंगठ्याखाली दाबला.
कुरकुरलं. हे मात्र आलं ऐकू.
मग नळाखाली धरलं, गळतं तेवढ्या धारेखाली,
आणि उभा राहिलो,
तळहातावर ते मऊ पडेपर्यंत.