साडेवीस मिलिमीटर

कुंदा खाल्ला तो शनिवारी.
पुतणीचं लगीन ठरलं म्हणून
खडेबाजारातून अर्धा किलो आणलेला.
पहिलाच घास, आणि उजवीकडच्या खालच्या दाढेतून
कानापर्यंत कुणीतरी तार खेचली.

तीन रात्री लवंग,
तीन रात्री भिंतीला टेकून बसणं,
कारण आडवं झालं की दाढेतच नाडी उडायची.
तुळसा म्हणाली, उपटून टाका की एकदाची,
शेजारच्या भरमाण्णानं उपटलीच न्हवं?
भरमाण्णा सहा वर्षं एकाच अंगानं चावतोय.

टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, जिन्यावर,
डॉक्टर अन्नपूर्णा हुक्केरी.
पाटी कन्नडमध्ये, खाली इंग्रजी,
काचेला चिकटवलेला एक कागद तेवढा मराठी:
चपला बाहेर.

"बाय तेगीरी," त्या म्हणाल्या,
मग कार्डावरचं नाव वाचून, "तोंड उघडा काका."
मी आधीच उघडलं होतं.

म्हटलो, उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथवर होतो,
मला ड्रॉइंगसारखं सांगा.
त्या हसल्या नाहीत. पेन घेतलं.
हे वरचं कवच. आत पोकळी.
पोकळीत नस, रक्त, जिवंत म्हणायचं ते सगळं.
कीड इथवर पोचलीय, आतलं सुजलंय,
आणि सुजेला पसरायला जागा नाही,
चारी बाजूंनी दगडासारखा दात. म्हणून ठणका.
खाली दोन बेरु, मुळं हो, त्यांत नळ्या तीन.
कधी चौथी असते.
आतलं काढायचं, धुवायचं, भरून बंद करायचं.
दाढ जागच्या जागी राहणार.

म्हणजे ब्लाइंड बोअर.
तळापर्यंत जायचं, तळ फोडायचा नाही.
मला जरा बरं वाटलं.

सुई टोचली. ओठ दुसऱ्याचा झाला.
निळ्या रबराच्या फडक्यातून
माझी दाढ एकटीच वर आलेली.
मग कानशी: पांढऱ्या मुठीची, पिवळी, तांबडी,
पांढरीचं टोक शून्य पॉइंट पंधरा.
इतकं बारीक हत्यार मी आयुष्यात धरलं नाही.
मशीन टुं टुं करत जवळ आलं, थांबलं.
"इप्पत्तूवरे," त्या पोरीला म्हणाल्या.
साडेवीस. मी मनात लिहून घेतलं.

धुतानाचा वास धुतल्या फरशीचा.

तीन नळ्या झाल्या. पाऊण तास झाला.
बाहेर एक बाळ रडत होतं, पोरगी घड्याळ बघायली.
बंद केलं असतं तर मला काय कळणार होतं?
बाईंनी भिंग ओढलं, वाकल्या,
कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या.
"इन्नोंद ऐति."
अजून एक आहे.

एका दिवाळीच्या आदल्या पाळीत
व्हॉल्व्हच्या बॉडीतलं एक भोक
मी रीमर न फिरवता सोडलं होतं.
भोंगा झाला होता. आतलं कोण बघतंय.
चाळीस नगांतला तो एकच परत आला,
आणि सही होती इराप्पाची, तपासणाऱ्याची.
पुढल्या सोमवारी इराप्पा गेटाबाहेर होता
डबा हातात धरून.
मी सायकलवरून मान हलवली त्याला,
जशी रोज हलवायचो.

डोळ्यातून पाणी कानाकडं गेलं.
"दुखतंय का?"
मी नाही म्हणून मान हलवली,
तोंड उघडं असलं की तेवढंच करता येतं.

परवा नळ्यांत गुलाबी काड्या भरल्या,
झाडाच्या चिकाच्या असतात म्हणे.
आता गार पाणी लागत नाही, गरम चहा लागत नाही.
जीभ मात्र सारखी तिथं जाऊन येते.
इराप्पा गोकाकला गेला, असं ऐकलंय.
त्याचा पोरगा मच्छेत टायरच्या दुकानात बसतो.
बस तिकडूनच जाते.

टोपी पुढच्या बुधवारी बसवायची.
तोवर त्या अंगानं चावू नका म्हणाल्यात.