रकाना सत्तेचाळीस

फाइल काल टाम्पेरेला पाठवली.
एकशे बारा बायका, बावीस हजार जनुकं,
आणि मधे कुठेही एक नाव नाही.
नावं मीच पुसली, नियमाप्रमाणे.
वय ठेवलं, गाठीचा आकार ठेवला,
पाच वर्षांनी होती की नव्हती, तेही ठेवलं.

आज ताउनो हिर्वोनेनचं उत्तर आलं.
सभ्य माणूस, आकड्यांशीसुद्धा अहो-जाहो करत असावा.
लिहितो, दोन शंका आहेत.
एक : तुमच्या तक्त्यात एका जनुकाच्या जागी
'२ सप्टेंबर' असं दिसतंय.
हसले मी. सॉफ्टवेअरला जिथे तिथे तारखा दिसतात,
वॉर्डातल्या बायकांना दिसतात तशा.

दोन : रकाना सत्तेचाळीस.
सगळ्यांपासून फटकून आहे.
ताणाची जनुकं इतकी चढलेली
की चूक वाटते. वगळू का?

त्या दिवशी नमुना आणायला विब्रन गेला होता, सायकलवर.
दहा मिनिटांचा रस्ता.
ग्रोनिंगनमधला पूल नावेसाठी उचलला,
वाळूने भरलेली नाव निघून गेली
आणि पूल खाली येईना.
पन्नास मिनिटं.
डबीतलं ते वाटाण्याएवढं मांस
आपण शरीरातून सुटलोय हे न कळून
जिवाच्या आकांताने
एकेक जनुक पेटवत राहिलं.

तो आकांत कर्करोगाचा नाही, ताउनो.
पुलाचा आहे.

ती कोण, मला माहीत आहे. माहीत असायला नको.
संमतीच्या कागदावर सही करताना विचारलं होतं तिने,
याचं पुढे काय करता?
मोजतो, म्हटलं.
आणि मग?
मग आमच्यापेक्षा चांगलं मोजणाऱ्याला देतो.
द्या की, म्हणाली. मी बाजारात मासे विकते.
फक्त सांगा त्याला,
तराजूवर बोट ठेवू नको.

एवढंही मी इथे सांगायला नको होतं.

जुनी वही काढली. कॉफीचे डाग, विब्रनचं किरटं अक्षर.
तक्त्यात एक नवी ओळ घातली :
'गोठवेपर्यंत गेलेली मिनिटं'.
सत्तेचाळीसखाली पन्नास.
मग बाकीच्याही भरायला बसले.
नऊ. अकरा. आठ. बारा.
तेविसावीपुढे वहीत काहीच नव्हतं.
दहा लिहिलं असतं तर खपून गेलं असतं.

बोट उचललं.
ती चौकट रिकामी ठेवून
फाइल पुन्हा पाठवली.